रुग्णालय बांधणाऱ्या पैशाची अट

गुंतवणूकदारांच्या परिषदांमध्ये अलीकडे रुग्णालय-बांधणी हा मोठ्या आकर्षणाचा विषय झाला आहे. परिषद सिंगापूरला असो, दुबईला असो की आपल्या मुंबईला, मांडणी ठरलेली असते. मधुमेही वाढत आहेत. हृदयविकार ऐन तारुण्यात गाठू लागला आहे. वृद्धांची संख्या वाढते आहे आणि कुटुंबे लहान झाल्यामुळे त्यांची शुश्रूषा करणारे घरात कोणी उरलेले नाही. मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला आहे, विम्याची पद्धत रुजते आहे आणि लोकसंख्येच्या मानाने खाटा मात्र फारच थोड्या आहेत. या सर्वांची बेरीज करून शेवटी वक्ता सांगतो की, ही वाढीची अपूर्व संधी आहे!

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. वडिलांचा मधुमेह, धाकट्या भावाला चाळिशीत आलेला झटका, गावी एकटी राहिलेली आजी, हे सारे त्या तक्त्यात ‘वाढीचे घटक’ म्हणून नोंदलेले आहे. आपल्या घरातील चिंता ही कोणाच्या तरी गुंतवणुकीची तारण-मालमत्ता झाली आहे. तरीही केवळ एवढ्यावरून संतापून उठण्याचे कारण नाही. रुग्णालये हवीतच, ती बांधण्यास पैसाही हवाच, आणि तो आकाशातून पडत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. पैसा देणारा कोणती अट घालून पैसा देतो? ती अट पुढील वीस, तीस, साठ वर्षे कोण पाळणार? आणि न पाळल्यास किंमत कोण मोजणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जगाच्या नकाशावर सहसा कोणाचे लक्ष जात नाही अशा एका देशाकडे वळू.

लेसोथो हा सर्व बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, वीस लाखांच्या आसपास वस्तीचा डोंगराळ देश. बहुतेक प्रजा खेड्यापाड्यांतून राहणारी. एड्सच्या विषाणूने प्रौढ लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा ग्रासलेला. राजधानी मासेरू येथील क्वीन एलिझाबेथ हे जुने सरकारी रुग्णालय मोडकळीस आले होते, तेव्हा नवे बांधणे अपरिहार्यच होते. त्या वेळी जागतिक बँक-समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ सल्लागार म्हणून पुढे सरसावले. सल्ला असा की, सरकारने स्वतः रुग्णालय बांधू नये. एका खासगी कंपनीने ते बांधावे, सजवावे, चालवावे आणि सरकारने तिला दरवर्षी एकत्रित शुल्क द्यावे. 2008 मध्ये अठरा वर्षांचा करार झाला. दक्षिण आफ्रिकेतील नेटकेअर ही बलाढ्य रुग्णालय-कंपनी ज्या संघाच्या अग्रभागी होती, त्या संघाचे नाव होते ‘त्सेपोंग’. स्थानिक भाषेत त्याचा अर्थ आशेचे ठिकाण.

ऑक्टोबर 2011 मध्ये क्वीन ममोहातो मेमोरियल रुग्णालय उघडले. खाटा सव्वाचारशे. इमारत देखणी, यंत्रे नवी, वॉर्ड स्वच्छ. आफ्रिका खंडासाठी हा आदर्श आहे असे गौरवोद्गार निघाले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे, कारण आपल्या बाजूस गैरसोयीचे सत्य लपविणे हा आपला बाणा नव्हे. नव्या रुग्णालयात उपचार खरोखरच सुधारले. बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जुन्या आणि नव्या व्यवस्थेची तुलना केली, तेव्हा रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण 41 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही लहान गोष्ट नाही. त्या टक्क्यांत माता आहेत, अर्भके आहेत. म्हणून खासगी म्हटले की वाईट, असे सरसकट विधान करणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसू इच्छित नाही.

परंतु करार उघडून पाहिला की दुसरी बाजू दिसू लागते. सरकारने द्यावयाचे वार्षिक शुल्क महागाईबरोबर वाढत जाणारे होते. वर्षाला 20,000 आंतररुग्ण आणि 3,10,000 बाह्यरुग्ण ही मर्यादा. त्यापुढे प्रत्येक रुग्णामागे वेगळे पैसे. आता ज्या देशात साऱ्या राष्ट्राचा मिळून हा एकच मोठा उपचार-आधार, तेथे रुग्ण मर्यादेत कसे राहावेत? ते राहिले नाहीत. जितके लोक बरे होण्याच्या आशेने आले, तितके सरकारचे बिल फुगत गेले. ऑक्सफॅम या संस्थेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिशेब मांडला की, या एका रुग्णालयावर आणि त्याच्याशी जोडलेल्या मोजक्या दवाखान्यांवर देशाच्या आरोग्य-अंदाजपत्रकाचा 51 टक्के भाग खर्ची पडत आहे. जुने सरकारी रुग्णालय चालविण्यास जो खर्च आला असता त्याच्या किमान तिप्पट. आणि भागधारकांना अपेक्षित परतावा आहे 25 टक्के. जागतिक बँकेच्या वर्तुळाला हे टक्के मान्य नव्हते, त्यांचा हिशेब कमी रकमेचा होता. ते क्षणभर खरे धरले, तरी राजधानीतील एका इमारतीने डोंगरांतील सगळ्या दवाखान्यांच्या तोंडचा घास ओढून घेतला, ही वस्तुस्थिती उरतेच. मासेरूतील मृत्यू घटले, पण घोड्यावरून दिवसभराची वाट तुडविल्याशिवाय ज्या गावाला परिचारिकेचे दर्शन होत नाही, त्या गावासाठी तिजोरीत काय उरले?

यातील सर्वांत बोलकी बाब भांडवलाची आहे. ‘सरकारजवळ पैसा नाही, म्हणून खासगी भांडवल’ हा या योजनांचा मूलमंत्र. प्रत्यक्षात बांधकामाच्या खर्चातील मोठा वाटा लेसोथो सरकारनेच दिला. उरलेल्यापैकी बहुतांश रक्कम आली ती दक्षिण आफ्रिकेच्या विकास बँकेकडून कर्जरूपाने, आणि ही बँक तेथील सरकारच्या मालकीची. कंपनीने स्वतःच्या खिशातून घातलेले भागभांडवल त्या मानाने अगदी किरकोळ. म्हणजे पैसा दोन सरकारांचा आणि परतावा भागधारकांचा! आमच्या आजोबांच्या पिढीतील सावकारसुद्धा निदान स्वतःची थैली सोडून पैसे मोजत असे.

पुढचा इतिहास भांडणांचा आहे. सरकार शुल्क थकवते अशी कंपनीची तक्रार, कंपनी अवाच्या सवा बिले लावते अशी सरकारची. प्रकरणे लवादाकडे गेली. अखेरीस ठिणगी पडली ती परिचारिकांच्या पगारावरून. सरकारी रुग्णालयातील परिचारिकेला जे वेतन मिळते ते आम्हालाही मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी संप केला. मार्च 2021 मध्ये, कोरोनाचे संकट डोक्यावर असताना, 345 परिचारिकांना कामावरून काढून टाकण्यात आले. त्यानंतर सरकारने करार मोडण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी रुग्णालय स्वतःच्या ताब्यात घेतले. अठरा वर्षांचा करार तेराव्या वर्षी संपला. आदर्श म्हणून गौरविणारे सल्लागार तोवर दुसऱ्या देशांना सल्ला देण्यात गुंतले होते.

कोणी म्हणेल, लेसोथो गरीब देश, तेथील अधिकाऱ्यांना करार वाचता आला नसेल. ठीक आहे. मग कायदेपंडितांचे माहेरघर असलेल्या ब्रिटनचे काय झाले? तेथे 1992 मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने खासगी वित्त योजना आणली आणि 1997 नंतर मजूर पक्षाने ती डोक्यावर घेतली. या बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. खासगी पैशाने रुग्णालये बांधून सरकारने ती पंचवीस-तीस वर्षे हप्त्याने फेडावीत, असे सूत्र. कर्ज सरकारी ताळेबंदात दिसत नाही, फीत कापण्याचा समारंभ मात्र आज होतो! तेथील एका अभ्यास-संस्थेने 2019 मध्ये काढलेल्या हिशेबानुसार राष्ट्रीय आरोग्य सेवेला इमारती मिळाल्या 13 अब्ज पौंडांच्या, आणि करार संपेपर्यंत द्यावे लागणार आहेत 80 अब्ज पौंड. यात देखभाल आणि इतर सेवांचा खर्चही आहे हे मान्य केले, तरी अंतर डोळ्यांत भरते. दक्षिण लंडनमधील एक रुग्णालय-समूह या हप्त्यांच्या ओझ्याखाली 2012 मध्ये प्रशासकाच्या हाती द्यावा लागला आणि पुढच्या वर्षी विसर्जित झाला. जानेवारी 2018 मध्ये कॅरिलियन ही कंत्राटदार कंपनी कोसळली, तेव्हा तिची दोन मोठी रुग्णालये अर्धवट उभी होती. लिव्हरपूलचे रुग्णालय 2017 मध्ये उघडायचे ते 2022 मध्ये उघडले; बर्मिंगहॅमजवळचे 2018 चे 2024 वर गेले. धोका खासगी क्षेत्र पत्करते, असे सांगण्यात आले होते. कंपनी बुडाली आणि धोका जेथल्या तेथे, जनतेच्या दारात, उभा राहिला. ऑक्टोबर 2018 मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी अशा नव्या करारांना पूर्णविराम दिला.

तुर्कस्तानची कथा तर औरच. तेथे 2017 पासून ‘शहर रुग्णालये’ उघडू लागली. अंकारातील बिल्केंट येथील संकुलात साडेतीन हजारांहून अधिक खाटा. करार पंचवीस वर्षांचे. त्यातील एक कलम असे की, प्रयोगशाळा, क्ष-किरण, धुलाई, भोजन अशा सेवांचे पैसे देताना 70 टक्के खाटा भरलेल्या आहेत असे धरूनच द्यावयाचे, मग खाटा रिकाम्या असोत वा नसोत. सरकार प्रजेच्या आरोग्याची हमी देते असे आपण ऐकले होते. प्रजेच्या आजारपणाची हमी देणारे सरकार हा नवा शोध आहे. शिवाय शुल्काचा हिशेब परकीय चलनाच्या दराशी बांधलेला. करार सुरू झाले तेव्हा एका युरोला सुमारे चार लिरा पडत, 2023 च्या अखेरीस तीसहून अधिक. नंतरची अनेक रुग्णालये तुर्कस्तानने अंदाजपत्रकातील पैशानेच बांधावयास घेतली, यातच काय ते आले.

आता आपल्या घरी येऊ. जानेवारी 2000 मध्ये भारताने रुग्णालयांमध्ये शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीस, पूर्वपरवानगीशिवाय, मुभा दिली. त्या वेळी दिल्लीत कोणाचे सरकार होते हे वाचकांना सांगावयास नको. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या काळातील आर्थिक धोरणांवर उघडपणे टीका केली होती, आणि तसे करताना सरकार आपुलकीचे आहे म्हणून त्यांची जीभ अडखळली नव्हती. त्या सवयीची आज पुन्हा आठवण करून द्यावीशी वाटते.

दरवाजा उघडल्यानंतर आत कोण आले? 2018 मध्ये फोर्टिस समूहातील 31 टक्के हिस्सा मलेशियाच्या आयएचएच या कंपनीने घेतला. तिचे मोठे भागधारक मलेशियाचा सरकारी निधी आणि जपानची मित्सुई कंपनी. 2023 मध्ये मणिपाल रुग्णालयांतील बहुसंख्य हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेककडे गेला. पुण्याच्या वाचकांना सह्याद्री रुग्णालयाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. एका मराठी मेंदूशल्यविशारदाने 1990 च्या दशकात ज्याचे रोपटे लावले, ते 2019 मध्ये एव्हरस्टोन या खासगी गुंतवणूक-समूहाकडे, 2022 मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे आणि 2025 मध्ये मणिपालकडे सोपविण्याचे व्यवहार झाले. सहा वर्षांत तीन मालक! यात बेकायदा काही नाही. डॉक्टर तेच, परिचारिका त्याच, उपचारांत कसूर झाली असेही आमचे म्हणणे नाही. ओंटारिओच्या शिक्षकांना म्हातारपणी चार घास सुखाचे मिळावेत यालाही आमची हरकत नाही. पण प्रत्येक विक्रीत मागच्या मालकाला नफा हवा असतो, आणि तो नफा देणाऱ्या नव्या मालकाला तो कोठून तरी वसूल करावाच लागतो. रुग्णालयात ‘कोठून तरी’ या शब्दांचा अर्थ एकच होतो. कोथरूडच्या निवृत्त शिक्षिकेच्या बिलातून ओंटारिओच्या शिक्षिकेचे निवृत्तिवेतन जाते, हे वाक्य कडवट वाटेल, परंतु व्यवहाराची वाट तीच आहे.

अर्थात खासगी रुग्णालय नको असेल तर सरकारी रुग्णालयाची वाट धरता येते, निदान आजवर येत होती. म्हणूनच खरी चिंता पुढे आहे. 2017 मध्ये नीती आयोगाने जागतिक बँकेच्या साहाय्याने एक मसुदा तयार केला. जिल्हा रुग्णालयांच्या आवारातील जागा हृदयरोग, श्वसनविकार आणि कर्करोग यांच्या उपचारांसाठी खासगी भागीदारास तीस वर्षांच्या कराराने देण्याचा तो प्रस्ताव होता. विनामूल्य सेवेसाठी राखीव खाटांचा कोटा असणार नाही, असेही त्यात म्हटले होते. जानेवारी 2020 मध्ये आणखी एक योजना पुढे आली : खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जिल्हा रुग्णालये जोडून द्यावयाची, मुदत साठ वर्षे, आणि खाटांचे दोन वर्ग – एक नियंत्रित दराच्या, दुसऱ्या ‘बाजारभावाच्या’. जिल्हा रुग्णालयात बाजारभावाची खाट! सिव्हिल हॉस्पिटल हा शब्द ज्या शेतमजुराच्या तोंडी शेवटचा आधार म्हणून येतो, त्याला या दोन वर्गांतील फरक केसपेपर काढतानाच समजेल. करारावर सही होण्याच्या दिवशी त्या रुग्णालयात जन्मलेले बालक करार संपेल तेव्हा साठीशांतीला बसेल.

देशाला डॉक्टर कमी पडतात, वैद्यकीय महाविद्यालये हवीत, हा योजनेमागील हेतू आम्हाला मान्य आहे. पण ‘सरकारजवळ पैसा नाही’ हे कारण तपासून घेतले पाहिजे. कोणत्याही कंपनीपेक्षा सरकारला कर्ज स्वस्त मिळते. कंपनी जे महाग कर्ज काढते, त्याचे व्याज आणि वर आपला नफा ती शेवटी सरकारकडून किंवा रुग्णाकडूनच घेते. मग स्वस्त सोडून महाग का घ्यावे? कारण महाग कर्ज आजच्या अंदाजपत्रकात दिसत नाही; ते उद्याच्या मंत्र्याच्या आणि परवाच्या रुग्णाच्या माथी जाते.

दानाच्या पैशालाही अटी असतात, हे येथे सांगितले पाहिजे. मुंबईत परळला जे केईएम रुग्णालय उभे आहे, त्याच्या जन्माची कथा आजच्या तरुणांना बहुधा ठाऊक नसते. त्या काळी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकपदे बहुतांशी सरकारी सेवेतील गोऱ्या डॉक्टरांसाठी राखलेली असत. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली, तेव्हा अट घातली की, येथील अध्यापकवर्ग सरकारी सेवेत नसलेल्या, पात्र भारतीय डॉक्टरांचाच असेल. 1925 मध्ये महाविद्यालय आणि 1926 मध्ये मुंबई महापालिकेचे रुग्णालय सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता यांच्यासारखे अधिष्ठाते लाभले. शंभर वर्षे होऊन गेली, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेला गरीब रुग्ण आजही त्या दारातून आत जातो. टाटा न्यासाने 1941 मध्ये परळलाच कर्करोग रुग्णालय उघडले आणि 1957 मध्ये ते राष्ट्राच्या स्वाधीन केले. छत्रपती संभाजीनगरात, त्या वेळच्या औरंगाबादेत, मूठभर तरुण डॉक्टरांनी 1989 मध्ये लहानशा जागेत सुरू केलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय समाजाच्या बळावर कसे वाढले, हे तर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

मात्र या परंपरेची आरती ओवाळून भागणार नाही. ‘धर्मादाय’ ही पाटी लावून करसवलती आणि स्वस्त जमिनी घ्यायच्या आणि गरिबाला अनामत रकमेसाठी दारात ताटकळत ठेवायचे, असे करणारेही आपल्याच समाजात आहेत. तसे नसते, तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवा, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाला 2006 मध्ये लागू करावी लागली नसती. पैसा स्वदेशी असला की तो आपोआप सात्त्विक होतो, असे नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहणारा डोळा लागतो, आणि तो डोळा फक्त न्यायालयाचा असून चालत नाही.

त्यासाठी कार्यकर्त्यांना एक काम सांगावेसे वाटते. आपापल्या जिल्ह्यात रुग्णालयाचा असा कोणताही करार होणार असल्याची कुणकुण लागताच, त्याचा मसुदा सही होण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध करण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आमदारांकडे लेखी करावी. व्यापारी गुपित म्हणून नकार आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. मसुदा हाती आल्यावर चार कलमे आधी वाचावीत : मुदत किती, वार्षिक शुल्क कशाशी बांधलेले आहे, रुग्णसंख्येची मर्यादा अथवा हमी आहे काय, आणि कंपनीने आपला हिस्सा तिसऱ्याला विकल्यास सरकारची परवानगी लागेल काय. गावातील वकील, लेखापरीक्षक आणि निवृत्त शल्यचिकित्सक यांना एका संध्याकाळी एकत्र बसवावे. करारातील आकड्यांची किंमत लेसोथोच्या परिचारिकांनी नोकरी गमावून मोजली. आपल्या सिव्हिलमधील परिचारिकेला ते सहीच्या आधी कळावेत.